चिऊताई दार का उघडत नाही? शेजारच्या पोरांच्या भांडणांवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की तुमच्या लहान मुलांचं शेजारच्या मुलांशी कशावरून वाजतं ते कळवा. पत्रं भरपूर आली, आणि खरं सांगू का, निम्म्या पत्रांत भांडण मुलांचं कमी आणि आईबाबांचंच जास्त दिसत होतं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून काही निवडलीत. नावं कोणाचीच छापलेली नाहीत, तेव्हा शेजारच्यांनी अंक वाचला तरी काळजी नको.

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही डोंबिवलीला राहतो, एका मजल्यावर समोरासमोर दारं. माझी मुलगी सव्वाचार वर्षांची, समोरच्यांचा मुलगा पाच वर्षांचा. दोघांना एकमेकांशिवाय करमत नाही आणि एकत्र आली की पाच मिनिटांत रडारड. तिची सायकल त्याला हवी, त्याचा जेसीबी हिला हवा. त्याची आई माझ्यासमोरच म्हणते, "आमचा बाई सगळ्यांना देतो हो, तुमचीच जरा हट्टी आहे." मग मला लाज वाटते आणि मी हिच्या हातातून खेळणं काढून त्याला देते, की ही रात्री झोपेपर्यंत फुरंगटलेली. आम्हा मोठ्यांमध्येही थोडं आहेच, म्हणजे त्यांनी एसी घेतला की आमच्याकडे तो विषय, आमच्याकडे पाहुणे आले की दारातल्या चपलांवरून त्यांच्याकडे विषय. मुलीला शेअर करायला कसं शिकवू?

उत्तर: सगळ्यात आधी ते हातातून काढून देणं बंद करा. तुम्हाला वाटतं आपण वाटून घ्यायला शिकवतोय, पण तिला त्यातून कळतं ते एवढंच की आई मोठी आहे म्हणून आई हिसकावू शकते, आणि उद्या ती तिच्याहून धाकट्या कोणाकडून तरी तसंच हिसकावणार.

दुसरं म्हणजे वय बघा. मिल्ड्रेड पार्टन नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी नर्सरीतली मुलं कशी खेळतात ते नुसतं शांतपणे बघून १९३२ साली एक मांडणी केली, ती आजही बालवाडीच्या शिक्षकांना शिकवतात. लहान मुलं आधी एकटी खेळतात, मग दुसऱ्याचं बघत बसतात, मग शेजारी शेजारी बसून खेळतात पण प्रत्येकाचं आपापलं चाललेलं, याच्या हातात ठोकळे, तिच्या हातातही ठोकळे, पण घरं दोन. "तू विटा आण, मी लावते, आपलं एकच घर" हे सगळ्यात शेवटी येतं. तुमची मुलगी आत्ता कुठे त्या उंबरठ्यावर आहे. २००८ साली स्वित्झर्लंडमधल्या ३ ते ८ वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास झाला, त्यात गोळ्या वाटायच्या होत्या. ३-४ वर्षांची बहुतेक मुलं आपलं आपल्यापाशी ठेवत होती, आणि ७-८ वर्षांच्या बऱ्याच मुलांना समोरच्यालाही आपल्याइतकंच मिळावं असं वाटत होतं. म्हणजे तुमची मुलगी हट्टी वगैरे काही नाही, ती सव्वाचार वर्षांची आहे. समोरच्या वहिनींचा मुलगा सगळ्यांना सगळं देतो म्हणतात, तर देत असेल, पण सायकल त्याच्या मालकीची नाहीये हेही लक्षात घ्या :)

आता करायचं काय, तर तो येण्याआधी मुलीला विचारा, "कुठली दोन खेळणी तुला आज कोणाला द्यायची नाहीत?" ती दोन कपाटात वर ठेवून द्या आणि दार लावून टाका. तिची खास बाहुली सुरक्षित आहे हे तिला कळलं की बाकीच्यांवरची पकड आपोआप सैल होते, मी बालवाडीत शिकवायचे तेव्हा हे कितीदा तरी बघितलंय. मग पाळी लावा, पण घड्याळाची नको, या वयात "दहा मिनिटं" म्हणजे काहीच नसतं. डोळ्याला किंवा कानाला कळेल असं माप घ्या. लिफ्टपासून जिन्यापर्यंत तीन चकरा झाल्या की सायकल त्याची. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या की जेसीबी हिच्याकडे. शिट्टीशी कोणी भांडत नाही, आईशी भांडतात.

आणि रोज थोडं तरी असं काम द्या जे एकट्याने होतच नाही. ओढणीची दोन टोकं दोघांनी धरायची, मधे बॉल ठेवायचा आणि न पाडता स्वयंपाकघरापर्यंत न्यायचा. जड बादली दोघांनी उचलून पॅसेजमधल्या कुंड्यांना पाणी घालायचं, सांडलेलं दोघांनीच पुसायचं. पाणी सांडणारच, त्याला इलाज नाही.

राहता राहिला मोठ्यांचा विषय. पोरं सोफ्याखाली गाड्या खेळत असतात तेव्हा आपल्याला वाटतं त्यांचं लक्ष नाही, आणि ती सगळं ऐकत असतात, एसीचंही आणि चपलांचंही. ती मुलगी उद्या त्याला "तुझी आई शायनिंग मारते" असं म्हणाली तर ते वाक्य कुठून आलं हे समोरच्या दारी लगेच कळेल. तेव्हा ते बोलणं मुलं झोपल्यावर. वहिनी परत "तुमचीच हट्टी" म्हणाल्या तर "हो, अजून लहान आहे" एवढं म्हणून विषय सोडून द्या. आणि आपल्याकडची जुनी पद्धत आहे ना, शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ती पुन्हा सुरू करा, फक्त वाटी तुम्ही नेऊ नका, मुलीच्या हातात द्या. शिऱ्याची वाटी घेऊन ती समोर गेली आणि दोन दिवसांनी तीच वाटी शेंगदाण्याचे लाडू घेऊन त्याच्या हातून परत आली की देणंघेणं म्हणजे काय ते तिला लेक्चर न देता कळतं.

प्रश्न: मी साताऱ्याची, नातवाला रोज दुपारी गोष्ट सांगते. चिऊकाऊची गोष्ट त्याची लाडकी. पण परवा त्याने विचारलं, आजी, काऊ पावसात भिजतोय तर चिऊ दार का उघडत नाही, ती वाईट आहे का? मला काही सुचेना. सूनबाई म्हणते, असल्या गोष्टी सांगूच नका, शेजाऱ्याला बाहेर उभं करायला शिकवता. तिचंही बरोबर वाटतं. काय करावं?

उत्तर: आजी, तुमच्या नातवाला माझा शाबासकीचा निरोप द्या. पिढ्यान्‌पिढ्या आपण "थांब माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब माझ्या बाळाला तीट लावते" असं म्हणत घास भरवत आलो, आणि बाहेर काऊ कुडकुडतोय याचं कोणाला काही वाटलं नाही. पुढे तर घरोघरी शेवट वेगळा. कुठे तो चिऊचा खाऊ फस्त करतो, कुठे तापल्या तव्यावर बसून भाजून घेतो आणि आपण सगळे हसतो. नीट बघितलं तर ही दोन शेजाऱ्यांच्या जुन्या खुन्नसचीच गोष्ट आहे.

पण म्हणून बंद करू नका, सूनबाईंना माझ्या वतीने सांगा. प्रश्न पाडणारी गोष्ट काढून घेतली तर प्रश्नही जातो. तो विचारतोय तर त्यालाच विचारा, "तुला काय वाटतं, का उघडत नसेल?" माझ्या बालवाडीतल्या एका पोराने सांगितलं होतं, मागच्या वेळी काऊने तिची भाकरी पळवली असणार. दुसरी म्हणाली, तिचं बाळ लहान आहे, कावळा बाळाला खातो, म्हणून ती घाबरते. आता बघा, हे काही "चिऊ वाईट" इतकं सोपं उत्तर नाहीये.

मग गोष्ट पुढे न्या. चिऊचं घर मेणाचं आणि काऊचं शेणाचं, हे आपण म्हणतो आणि तिथेच थांबतो. पावसात शेण वाहून गेलं, ठीक. आता पावसाळा संपला, काऊने पुन्हा घर बांधलं, छान सारवलं, आणि वैशाख आला. वैशाखात मेणाचं काय होतं? एवढं विचारा आणि गप्प बसा. उन्हाने घर वितळलेली चिऊ पिल्लांना घेऊन काऊच्या दारात उभी आहे, आणि काऊला ते सगळे "थांब"सुद्धा आठवतायत. आता तो काय म्हणेल? कधी नातू दार उघडेल, कधी म्हणेल तिलाही जरा थांबू दे! म्हणू द्या. दुसऱ्या दिवशी परत सांगा, उत्तर बदललेलं असेल.

आणि ही ऐकून ऐकून कंटाळा आला की महाभारतातल्या शांतिपर्वात एक गोष्ट आहे, भीष्म युधिष्ठिराला सांगतात ती, ती लहान मुलांना फार आवडते. एका मोठ्या वडाच्या मुळाशी बिळात पलित नावाचा उंदीर राहायचा आणि त्याच वडावर लोमश नावाचं मांजर. शेजारी, पण कसले शेजारी! एके रात्री लोमश पारध्याच्या जाळ्यात अडकला. पलित खूश, आरामात बाहेर हिंडायला लागला, आणि बघतो तर जमिनीवर हरित नावाचा मुंगूस टपलेला आणि फांदीवर चंद्रक नावाचं घुबड. पळायला जागाच नाही. मग तो थेट मांजरापाशी गेला आणि म्हणाला, "तू मला कुशीत घे, मी तुझं जाळं कुरतडतो." मांजराच्या कुशीत बसलेला उंदीर बघून मुंगूस आणि घुबड दोघं चक्रावले आणि निघून गेले. आता गंमत म्हणजे पलित जाळं भराभर कुरतडत नाही, अगदी सावकाश, एकेक दोरा, कारण मांजर आधीच सुटलं तर त्याचीच न्याहारी करणार. सकाळी पारधी दिसला तेव्हा शेवटचा दोरा तोडला, मांजर झाडावर, उंदीर बिळात. नंतर लोमश गोड आवाजात बोलावतो, ये की मित्रा, आपण आता दोस्त. पलित बिळातूनच उत्तर देतो की काम झालं, तू भला, पण मी काही बाहेर येत नाही.

मला या गोष्टीतलं आवडतं ते हेच की शेवटी सगळे गळ्यात गळे घालत नाहीत. शेजाऱ्याशी जिवलग मैत्री झालीच पाहिजे असं नाही, एका जाळ्यापुरतं जमलं तरी दोघांचा जीव वाचतो. लहान मुलांना हे आपल्यापेक्षा लवकर पटतं, कारण त्यांची कट्टी आणि बट्टी एकाच दुपारी चार वेळा होते.

प्रश्न: पुण्यातली आमची सोसायटी, ए आणि बी विंग. दिवाळीत दोन्हीकडची मुलं किल्ले करतात. कमिटीने तीन वर्षांपासून 'सर्वोत्कृष्ट किल्ला' बक्षीस ठेवलं आणि तेव्हापासून नुसती मारामारी. गेल्या वर्षी बी विंगच्या बुरुजावर रात्री कोणीतरी पाइप लावून पाणी सोडलं, मग यांनी त्यांचे मावळे पळवले, आणि त्यात पालकांचीही भांडणं झाली. यंदा मी कमिटीत आहे. सगळ्यांना मिळून एकच किल्ला करायला लावावा का? वयं ५ ते १२.

उत्तर: बक्षीस पहिल्यांदा रद्द करा, त्याबद्दल दुमत नको. पण एकच किल्ला? नको हो. एकच किल्ला म्हटलं की काय होणार, सातवीतली दोन पोरं किल्लेदार आणि बाकीचे सगळे पाण्याच्या बादल्या वाहणार, आणि तुम्ही म्हणणार वा, काय एकी आहे.

तुमच्या प्रश्नावर अगदी चपखल बसणारा एक जुना प्रयोग आहे. १९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात मुझफर शेरीफ आणि सहकाऱ्यांनी ११ वर्षांच्या आसपासच्या २२ मुलांचं शिबिर भरवलं आणि दोन गट पाडले. एकाने नाव घेतलं ईगल्स, दुसऱ्याने रॅटलर्स. रस्सीखेच, बेसबॉल अशा स्पर्धा लावल्या, बक्षिसं ठेवली, आणि थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळणं, झोपायच्या खोल्यांवर धाडी घालणं सुरू. (मोठ्या माणसांनी मुद्दाम भांडण पेटवायचं आणि वह्यांत टिपून घ्यायचं, हे मला अजिबात पटत नाही, पण झालं ते झालं.) मग त्यांनी दोन्ही गटांना नुसतं एकत्र जेवायला बसवलं, एकत्र सिनेमा दाखवला, तर काही फरक नाही, जेवताना एकमेकांवर अन्न फेकायला लागले. फरक कधी पडला, तर शिबिराचं पाणी बंद झालं आणि टाकीपासून लाइन शोधत जायला सगळे लागले तेव्हा, आणि सामान आणणारा ट्रक बंद पडला आणि तो दोर लावून सगळ्यांनी ओढला तेव्हा. एकदा नाही, अशी कामं लागोपाठ आली तेव्हा हळूहळू. परत जाताना सगळे एकाच बसने गेले.

म्हणजे तुमच्या स्नेहभोजनाने आणि 'एकता किल्ला' असा फ्लेक्स लावल्याने काही होणार नाही. मुलांना एकमेकांची खरी गरज पडायला हवी.

तर यंदा जोडकिल्ला करा. आपल्याकडे खरेखुरे आहेत की. मनमाडजवळचे अंकाई-टंकाई बघा, दोन वेगळे डोंगर, दोन किल्ले, आणि मधल्या खिंडीत दोघांना जोडणारी एकच तटबंदी. आणि तुम्हा पुणेकरांना तर पुरंदर आणि वज्रगड घराशेजारीच, मधे भैरवखिंड. ही जोडी मुलांना नीट सांगा. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान चालून आले, तेव्हा आधी धाकटा वज्रगड पडला, आणि मग तिथे तोफा चढवून पुरंदरच्या माचीवर मारा करता आला. मुरारबाजी देशपांडे तिथेच लढताना पडले, आणि पुढे तहात महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले. शेजारचा बुरूज पडला की आपल्या डोक्यावर तोफ येते, हे ए विंगच्या पोरांना यापेक्षा चांगलं कोण सांगणार! पाइप लावणाऱ्याने तर नक्की ऐकावं.

करायचं असं. ए विंग पुरंदर, बी विंग वज्रगड, किंवा चिठ्ठी टाका म्हणजे "आमचाच लहान का" हे नको. आपापल्या किल्ल्यात काय करायचं ते त्यांचं ते बघतील, तिथे लुडबुड करू नका. पण माती एकदाच, एकाच टेम्पोत येणार आणि एकाच ठिकाणी पडणार. चाळण एक, गेरूचा डबा एक. कारंज्याला लागणारी सलाईनची नळीही एकच, ती खिंडीत लावायची, बाटली पुरंदरावर टांगायची आणि पाणी वज्रगडच्या टाक्यात पडणार, म्हणजे बाटली भरली नाही तर यांचं टाकं कोरडं आणि टाकं तुंबलं तर त्यांची खिंड चिखलात. मधली भिंत दोघांनी बांधायची. बांधताना भांडतील, भांडू द्या, विटा उचलल्या गेल्या तरच मधे पडा.

पाच-सहा वर्षांची मुलं असतात त्यांना मोठी मुलं कच्चा लिंबू म्हणून बाजूला बसवतात, त्यांच्याकडे हळीव पेरण्याचं काम द्या, दोन्ही किल्ल्यांवर. हळीव चार-पाच दिवसांत हिरवं होतं आणि रोज पाणी शिंपडावं लागतं, तर ही छोटी मंडळी सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे फिरत राहतील, आणि ज्या किल्ल्यावर आपलं हळीव उगवलंय त्याच्यावर कोणी पाइप सोडला तर तीच आधी बोंब मारतील. मावळे मात्र ज्याचे त्याने आणावेत आणि खाली पेनाने खूण करावी. महाराज एकच, ते कुठे बसवायचे हे मुलांनाच ठरवू द्या, या प्रश्नात कमिटीने अजिबात पडू नये.

प्रश्न: मी ७ वर्षांचा आहे. कोल्हापूर. आमच्या गल्लीत शेजारचा दादा त्याची बॅट आहे म्हणून तोच बॅटिंग करतो, आउट झाला तरी नाही म्हणतो आणि आम्ही ओरडलो की बॅट घेऊन घरी जातो. आम्ही काय करायचं? (आईने लिहून दिलंय)

उत्तर: अरे मित्रा, हा दादा प्रत्येक गल्लीत असतो बघ! आता मला सांग, बॉल कोणाचा आहे? स्टंप म्हणून लावलेला डबा कोणाचा? आणि तो एकटा बॅट घेऊन घरी गेला की त्याला बॉल कोण टाकतं? त्यालाही तुम्ही लागता ना. तर त्याच्यावर ओरडू नका, तो बॅट घेऊन खाली यायच्या आधीच सगळ्यांनी मिळून त्याला जाऊन सांगा, "दादा, तुझी बॅट म्हणून पहिली बॅटिंग रोज तुझी, पण आउट म्हणजे आउट, आणि ते अंपायर सांगणार." अंपायर रोज वेगळा, आणि एक दिवस त्यालाच करा. अंपायर झाल्यावर त्याला पण ओरडा बसेल की. बॅट कोरडी पुसून त्याच्या घरी नेऊन द्यायचं काम तुम्ही पाळीपाळीने घ्या. आणि तरी नाहीच ऐकलं तर चार दिवस लगोरी खेळा, तिला बॅट लागत नाही, आणि सात फरश्या गल्लीत कुठेही सापडतात. वरून बघत असेल तो, बोलवा त्याला पण.

प्रश्न: माझं उलटं आहे. नागपूर. मुलगा सहा वर्षांचा, शेजारच्या पोरांना सगळं देऊन टाकतो. नवीन पेन्सिल बॉक्स दिला, डब्यातला पराठा देतो आणि उपाशी घरी येतो. बायको म्हणते मन मोठं आहे, मला वाटतं बावळट आहे. कोण बरोबर?

उत्तर: दोघंही घाई करताय. त्याला एकदा जवळ बसवून, न रागावता, "दिल्यावर तुला कसं वाटलं?" एवढं विचारा. "मजा आली" म्हणाला तर विषयच संपला. "नाही दिलं तर ते खेळायला घेत नाहीत" असं म्हणाला तर मात्र तो देत नाहीये, त्याच्याकडून घेतलं जातंय, आणि मग त्याला घरी "नाही, आज नाही" म्हणायची चक्क प्रॅक्टिस द्या, तुम्ही शेजारचा पोरगा व्हा आणि मागा, लाडीगोडी लावा, धमकी द्या, आणि त्याने नाही म्हणू दे. हसतखेळत करा, त्याचा आवाज खणखणीत निघेपर्यंत. पेन्सिल बॉक्स परत मागायला जाऊ नका, आता गेला तो गेला. डब्यात अर्धा पराठा जास्त घाला आणि सांगून ठेवा की हा वाटायचा आहे आणि बाकीचा तुझ्या पोटात गेला पाहिजे. आणि ते "बावळट" त्याच्यासमोर म्हणत असाल तर आजपासून बंद.